पाजण्याआधी दोन थेंब

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या नाकाखालची, वरच्या ओठापर्यंतची इवलीशी जागा लालबुंद होते. जवळून पाहिलं तर त्या लालीवर बारीक सालपटं सुटलेली दिसतात, नाकपुडीच्या कडेला केसाएवढी चीर असते आणि रात्रभरात वाळलेल्या शेंबडाचा पापुद्रा त्यावर ताणून बसलेला असतो. रुमाल जवळ येताना दिसला की बाळ मान फिरवतं, हात झाडतं, रडायला लागतं. घरातल्या मोठ्यांचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलेलं असतं. कफ छातीत तर उतरला नाही ना, कोणतं औषध सुरू करायचं, मागच्या वेळची बाटली शिल्लक आहे का, अशी चर्चा चाललेली असते. त्या लाल जागेकडे कुणी फारसं बघत नाही, कारण ती सर्दीबरोबर येणारी किरकोळ गोष्ट समजली जाते. पण बाळाला त्या आठवड्यात जो त्रास होत असतो त्यातला बराचसा इथेच असतो, नाकाच्या दारात आणि नाकाखाली. मला वाटतं, साध्या सर्दीतल्या बाळाला औषधाची नाही, शुश्रूषेची गरज असते, आणि ही शुश्रूषा म्हणजे औषध द्यायचं नाही म्हणून केलेली तात्पुरती सोय नव्हे. उपचार म्हणतात तो हाच, आणि तो पुरेसा आहे.

हे पटण्यासाठी बाळाच्या नाकाचं काम काय आहे ते आधी पाहायला हवं. मोठ्या माणसाचं नाक चोंदलं की तो तोंड उघडतो आणि वेळ निभावून नेतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाला हे सहज जमत नाही. त्याचा श्वास बहुतांशी नाकावाटेच चालतो. त्याचं स्वरयंत्र गळ्यात मोठ्यांपेक्षा बरंच वर असतं, आणि याच रचनेमुळे तोंडाने दूध ओढता ओढता नाकाने श्वास घेत राहणं त्याला शक्य होतं. ओढणं, गिळणं आणि श्वास यांची ही लय बिनबोभाट चाललेली असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. नाक बंद झालं की ती तुटते. बाळ छातीला लागतं, दोन-तीनदा ओढतं, सोडून देतं, मान मागे टाकून रडतं. रडताना तोंडाने श्वास मिळाला की पुन्हा लागतं, पुन्हा सोडतं. त्यात नाकाची वाट मुळातच अरुंद. नळी अरुंद झाली की तिच्यातून हवा जाण्याला होणारा अडथळा त्या प्रमाणात वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहालाही सोळापट अडथळा होतो. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढी सूज बाळाला दूध सोडायला लावते ती यामुळे. आणि इथेच घरात एक चुकीचा निष्कर्ष निघतो. बाळ पीत नाही, किरकिर करतं, म्हणजे आईचं दूध कमी पडतंय, असं कुणीतरी बोलून जातं. मग वरचं दूध सुरू होतं, बाटली येते. दोष नाकाचा असतो, शिक्षा आईच्या दुधाला होते.

म्हणून सर्दीतलं सगळं काम पाजण्याच्या वेळेभोवती बांधायला हवं. पाजण्याच्या आधी काही मिनिटं दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब टाकायचे. औषधाच्या दुकानात नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. बाटली घेताना त्यात दुसरं काहीही नाही, नाक मोकळं करणारं औषध मिसळलेलं नाही, एवढं लेबलावर वाचून घ्यावं, कारण सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांत ती दुसरी औषधंही असतात आणि ती तान्ह्या बाळाच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावू शकतात. बाटली थोडा वेळ मुठीत धरली की थेंबांचा गारवा जातो आणि बाळ दचकत नाही. बाळाला मांडीवर उताणं घ्यायचं, मान किंचित मागे, एक थेंब, मग थांबायचं. मिनिटाभरात घट्ट शेंबूड सैल पडतो. पुष्कळदा बाळ स्वतःच शिंकून तो बाहेर टाकतं. नाही टाकला तर मऊ जुन्या मलमलच्या तुकड्याचं टोक दोन बोटांत वळून त्याची बारीक वात करायची, ती त्याच पाण्यात ओलावायची आणि नाकपुडीच्या दाराशी, आत न खुपसता, हलकेच फिरवायची. शेंबूड वातीला लागून येतो. रबरी फुग्याची पिचकारी वापरायची असेल तर फुगा आधी दाबून मग टोक नाकपुडीशी न्यायचं आणि सावकाश सोडायचं; दिवसातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त नको, नाहीतर आतलं नाजूक अस्तर सुजतं आणि नाक आणखी चोंदतं. वापरल्यावर तो फुगा आतून धुऊन वाळवणं हेही त्या कामातच धरायचं. कानात फिरवायच्या कापसाच्या काड्या नाकात घालू नयेत. एवढं करून बाळाला लगेच छातीशी घेतलं तर ते बऱ्याचदा नेहमीसारखं पितं, आणि पोट भरलं की झोपतं.

आता त्या लाल जागेविषयी. सतत वाहणाऱ्या ओलाव्याने कातडी भिजून मऊ पडते आणि अशा मऊ पडलेल्या कातडीवर दर पाच मिनिटांनी टॉवेलचं टोक, ओढणीची कड किंवा खरखरीत रुमाल फिरला की तिचा वरचा थर निघून येतो. सर्दीने जेवढं सोललं जातं त्याहून जास्त आपल्या पुसण्याने सोललं जातं. तेव्हा पुसायचं नाही, टिपायचं. ओला सुती तुकडा वाळलेल्या पापुद्र्यावर क्षणभर नुसता टेकवून ठेवला तर तो आपोआप सुटतो. ओरबाडावा लागत नाही. मग कोरड्या तुकड्याने टिपून, साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात नाकाखाली आणि नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला लावायचा. त्याने ओलावा आणि कातडी यांच्यामध्ये एक थर राहतो आणि खालची कातडी भरून यायला वाव मिळतो. झोपण्याआधी लावला तर सकाळी रडणं कमी होतं. नाकाच्या आत मात्र जेली, तूप, तेल काही घालायचं नाही. आणि त्या जागी मधासारख्या पिवळ्या खपल्या धरायला लागल्या, त्या पसरायला लागल्या, तर तो कातडीचा जंतुसंसर्ग असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवायचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, हे सगळं ठीक आहे, पण सिरप दिलं की बाळ शांत झोपतं, मग द्यायला काय हरकत आहे? झोपतं हे खरं आहे. पण सर्दीच्या अनेक मिश्रणांत जुन्या पद्धतीचं, गुंगी आणणारं औषध असतं. झोप त्या गुंगीची असते. नाक चोंदलेलंच राहतं आणि गुंगीतलं बाळ दूधही कमी पितं. सर्दी होते ती विषाणूंनी, त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि यांतल्या एकालाही मारणारं सिरप दुकानात नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे आता अँटिबायोटिक हवंच, ही समजूत फार पक्की आहे. तो रंग बहुधा शरीराने लढायला पाठवलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो आणि साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. शिवाय हिशेब करून बघा. पहिल्या दोन वर्षांत मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी सामान्य आहे, आणि एकेक सर्दी आठवडा-दहा दिवस चालते. आठ सर्द्या धरल्या तर वर्षातले दोन-अडीच महिने झाले. एवढे दिवस बाळाला ज्याचा उपयोग नाही असं औषध पाजायचं का, हा प्रश्न एका चमच्यापुरता राहत नाही.

आणि तो चमचा निरुपद्रवी आहे असंही म्हणता येत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीच्या सिरपांत नेहमी दिसणारी जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलावर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. त्यानंतर 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या खोकला-सर्दीसाठी दिलेल्या सिरपने वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी रसायन निघालं. मुलांची मूत्रपिंडं बंद पडली. छिंदवाड्याहून मोठ्या उपचारांसाठी नागपूर जवळ, त्यामुळे यांतली अनेक मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली होती. हेच रसायन ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं निघाल्याने 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. चाळीस वर्षांनीही तेच विष बाटलीत सापडावं ही गोष्ट मनातून जात नाही. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत वा विकू नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. कुणी म्हणेल, ती एका भेसळीची गोष्ट, सगळी औषधं कशाला बदनाम करता? भेसळ अपवादाने होते हे मान्य. पण ज्या औषधाने फायदाच होत नाही, त्यासाठी अपवादाने येणारा धोका तरी का पत्करायचा? हृदयविकाराच्या गोळीसाठी माणूस धोका पत्करतो, कारण पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी असतं. इथे ती बाजू रिकामी आहे.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि तो मायेचा असतो. इतकी मुलं वाढली ती कोणत्या थेंबांवर? सहाणेवर उगाळलेली गुटी, टाळूवर वेखंड, ओव्याची पुरचुंडी, संध्याकाळी धुरी, नाका-कानात तेल, मधातलं चाटण, कापराचा वास. हा सगळा वारसा एका फटक्यात फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. त्यातला प्रत्येक उपाय हातात घेऊन पाहावा असं म्हणतो. नाकात सोडलेलं तेल थोडं तरी श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं, तिथे विरघळत नाही, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना हे एकदा नीट समजावून सांगावं. मालिश त्यांनी जरूर करावी, नाक तेवढं सोडावं. मधात एका जिवाणूचे असे बीजाणू असू शकतात की जे वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि अंग लुळं पाडणारं विष तयार करतात. वर्ष पुरं होईपर्यंत मध नाही, बोटभरसुद्धा नाही. कापूर पोटात गेला किंवा अंगावरून जास्त शोषला गेला तर बाळाला झटके येतात, आणि कापूर-मेंथॉलची मलमं दोन वर्षांखाली छातीला वा नाकाला लावायची नसतात. धुरीचा धूर ओव्याचा असो, लसणीच्या सालांचा असो किंवा धूपाचा, सुजलेल्या नाकाला तो धूरच असतो. चूल, डासांची कॉइल आणि विडी-सिगारेट यांचंही तेच. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही द्यायचं नाही म्हटल्यावर गुटीचा प्रश्नच उरत नाही. मग या वारशातलं काय राहतं? माझ्या मते त्यातलं सगळ्यात मोलाचं तेच राहतं. जुन्या सुती लुगड्याची मऊ दुपटी, बाळाला ऊबदार ठेवणं, पुनःपुन्हा छातीशी घेणं, रात्री उठून बसणं, मांडीवर उभं धरून थोपटणं. आणि वातही तिथलीच. शेंबूड टिपायला ओल्या कापडाची वात वापरावी, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही आहे.

मिठाच्या पाण्याच्या बाजूनेही पुरावा आता बरा आहे. एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा वर्षांपर्यंतच्या 407 मुलांचा अभ्यास केला. जरा तीव्र मिठाच्या पाण्याचे थेंब घरीच कसे करायचे आणि घालायचे हे त्यांनी पालकांना शिकवलं होतं. 2024 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार थेंब घातलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवसांत उतरली, इतरांची आठ दिवसांत, आणि थेंब घातलेल्या मुलांच्या घरात सर्दी पसरलीही कमी. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये, आणि ते तीव्र पाणी तान्ह्या बाळासाठी स्वयंपाकघरात अंदाजाने करू नये. पण ज्या उपायाला आपण साधा म्हणून हिणवतो त्याने दोन दिवस वाचल्याचं दिसतं, आणि सिरपला असं काही दाखवता आलेलं नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे. घरी नाक टिपत बसलो आणि आत न्यूमोनिया झाला तर? ही भीती खरी आहे, कारण भारतात न्यूमोनियाने मुलं अजूनही जातात. पण सिरप दिल्याने न्यूमोनिया टळत नाही. उलट गुंगीमुळे त्याची चाहूल उशिरा लागते. चाहूल लागते ती जवळ बसून बघण्याने, आणि नाकाची शुश्रूषा करणारा माणूस दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला जवळून बघतच असतो. बाळ शांत असताना झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे न येणाऱ्या बायांसाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन तयार केलं. त्या कामातून बालमृत्यू घटल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये 1990 साली छापून आलं. आकडे न येणाऱ्या बाईला जे जमलं ते मोबाइल हातात असलेल्या घराला न जमण्याचं कारण नाही. श्वास जलद असेल, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पिणं निम्म्यावर आलं असेल, लघवीचे लंगोट कमी झाले असतील, बाळ उठवूनही मलूल असेल, किंवा तीन महिन्यांच्या आत ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. श्वास मोजताना घरच्या उपचारांचा आग्रह धरायचा नसतो.

एक अडचण राहते, आणि ती वैद्यकातली नाही. या सगळ्याला वेळ लागतो. सिरपचा चमचा दहा सेकंदांत होतो. थेंब, थांबणं, वात, टिपणं, पाजणं, पुन्हा जेली, यात अर्धा-पाऊण तास जातो, दिवसातून अनेकदा. नोकरी करणाऱ्या, पाळणाघराच्या वेळा सांभाळणाऱ्या किंवा रोजंदारी बुडवता न येणाऱ्या आईला हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. बाटलीकडे वळणारा हात पुष्कळदा अज्ञानाने नाही, थकव्याने वळतो. म्हणून शुश्रूषा हाच उपचार हे मान्य करायचं तर ती एकट्या आईवर टाकून चालणार नाही. पाजणं तेवढं तिचं. बाकी सगळं घरातल्या कुणालाही येण्यासारखं आहे. थेंब घालणं, श्वास मोजणं, सुती तुकडे उकळून वाळत घालणं, घरातली उदबत्ती आणि कॉइल बंद ठेवणं, स्वतःला सर्दी असेल तर बाळाचा मुका न घेणं, हात धुऊनच बाळाला घेणं, यासाठी ना पदवी लागते ना बाईचा जन्म. आपल्या डॉक्टरांकडूनही एक मदत मागता येईल. पुढच्या वेळी सर्दीसाठी गेलात तर औषध लिहून देण्याआधी थेंब कसे घालायचे ते दाखवा, असं स्पष्ट म्हणा. पालकांना चिठ्ठी हवीच असते या समजुतीने बरीच औषधं लिहिली जातात. आणि घरात ज्यांना रात्री उठणं जमतं त्यांनी, बाबांनी, आजोबांनी, मावशीने, पहाटे दोनच्या पाजण्याआधीचे दोन थेंब आपल्याकडे घ्यावेत.